बॉस्टन, १९१९ : मळीची टाकी, तिचा पत्रा आणि त्या वर्षीचे शहर

प्रश्न असा आहे की, १९१९ साली अमेरिकेतील बॉस्टन शहरात मळीचा पूर येऊन माणसे मेली हे खरे आहे का. खरे असेल तर मळीसारख्या संथ पदार्थापुढून लोकांना पळता का आले नाही. टाकी बॉम्बने उडाली, मळी आंबल्याने फुटली की थंडीमुळे. आणि त्याच वर्षी त्या शहरातील पोलिसांनी जो संप केला त्याचा या घटनेशी काही संबंध आहे का.

घटना पूर्णपणे खरी आहे. १५ जानेवारी १९१९ रोजी दुपारी साडेबाराच्या सुमारास बॉस्टनच्या नॉर्थ एंड भागात, बंदरालगतच्या कमर्शियल स्ट्रीटवर उभी असलेली मळीची पोलादी टाकी फुटली. २१ माणसे मेली आणि सुमारे १५० जखमी झाली. साखर कारखान्यांच्या आणि त्यांच्या डिस्टिलरींच्या साठवण टाक्या तपासणे हे माझे आयुष्यभराचे काम असल्यामुळे मी या टाकीकडे त्याच नजरेने पाहतो, आणि माझे मत आरंभीच सांगून टाकतो : ती टाकी १९१९ मध्ये फुटली असली तरी तिचे फुटणे १९१५ मध्येच, ती बांधतानाच, ठरून गेले होते. त्या दिवशीचे हवामान, जहाजातून आलेली कोमट मळी वगैरे गोष्टींनी फक्त तारीख ठरवली. बॉम्बची गोष्ट मात्र वेगळी आहे. ती समजून घ्यायची तर त्या वर्षीचे बॉस्टन पाहावे लागते.

मळी तेथे कशासाठी होती, हे आधी पाहू. पहिल्या महायुद्धात तोफांच्या आणि बंदुकांच्या दारूसाठी औद्योगिक अल्कोहोलला प्रचंड मागणी आली. युनायटेड स्टेट्स इंडस्ट्रियल अल्कोहोल या कंपनीची प्युरिटी डिस्टिलिंग नावाची उपकंपनी क्यूबा, पोर्टो रिको अशा कॅरिबियन बेटांवरून जहाजाने मळी आणून बॉस्टन बंदरात उतरवून घेत असे आणि तेथून रेल्वेच्या टँकरने पलीकडच्या केंब्रिजमधील डिस्टिलरीत पाठवत असे. जहाज एका दिवसात जेवढी मळी ओतते तेवढी डिस्टिलरी एका दिवसात संपवू शकत नाही, म्हणून धक्क्यालगत मोठी टाकी लागते. आपल्याकडे गळीत हंगाम चार-पाच महिने आणि डिस्टिलरी त्याहून जास्त काळ चालते, म्हणून कारखान्याच्या आवारात टाक्या उभ्या राहतात. कारण वेगळे, गरज तीच.

ही टाकी ५० फूट उंच आणि ९० फूट व्यासाची, म्हणजे अंदाजे १५ मीटर उंच आणि साडेसत्तावीस मीटर रुंद होती. पोलादाच्या प्लेटा रिव्हेट, म्हणजे भोकांतून घालून दोन्ही टोकांना ठोकून बसवलेले जाड खिळे, यांनी जोडलेल्या होत्या. वेल्डिंगने टाक्या बांधण्याचा काळ अजून यायचा होता. फुटली त्या दिवशी तिच्यात सुमारे २३ लाख अमेरिकन गॅलन, म्हणजे ८७ लाख लिटर मळी होती, आणि तिचे वजन १२,००० टनांच्या आसपास भरते.

आता थोडे गणित करू, कारण न्यायालयात पुढे कित्येक वर्षे चाललेल्या वादाचा गाभा त्यातच आहे. मळी पाण्याच्या सुमारे १.४ पट जड असते. जवळजवळ १५ मीटर उंच मळीचा तळाशी दाब होतो दर चौरस सेंटीमीटरला दोन किलोपेक्षा थोडा जास्त. टाकीच्या तळालगतचा एक सेंटीमीटर उंचीचा पट्टा डोळ्यांपुढे आणावा. हा दाब २७४० सेंटीमीटर व्यासावर पसरलेला असल्याने तो पट्टा दोन बाजूंना फाडू पाहणारे बल साधारण ५७०० किलो होते आणि समोरासमोरच्या दोन भिंती ते निम्मे निम्मे वाटून घेतात. सर्वांत खालच्या प्लेटेची जाडी जेमतेम १७ मिलिमीटर होती. भागाकार केला की दर चौरस सेंटीमीटरला १६०० ते १७०० किलो ताण येतो. पण ही झाली अखंड पत्र्याची गोष्ट. रिव्हेटांच्या ओळीत भोकांनी पत्र्याचा पाचवा ते चौथा हिस्सा खाल्लेला असतो, त्यामुळे तेथे ताण २१०० च्या वर जातो. त्या काळातही अशा कामाला ११०० ते १२५० च्या वर जाऊ नये असा रिवाज होता. पोलाद तुटण्याची ताकद चार हजारांच्या आसपास असल्याने कागदावर टाकी उभी राहते, पण जेथे मॅनहोलसाठी, म्हणजे माणसाला आत उतरण्याच्या झाकणदार तोंडासाठी, पत्रा कापलेला असतो तेथे, भोकाच्या कडेला, ताण दुप्पट-तिप्पट होतो आणि मग हाताशी काहीच शिल्लक राहत नाही. तडा तळाच्या मॅनहोलपाशी सुरू झाला असावा, असे अभ्यासक मानतात. माझ्या मते दुसरीकडून तो सुरू होण्याचे कारणच नव्हते.

त्यात पोलाद ठिसूळ. त्या काळातील पोलादात मँगनीज कमी असे, आणि असे पोलाद थंडीत ताणले गेले तर वाकण्याऐवजी काचेसारखे तडकते. अमेरिकन अभियंता रोनाल्ड मेव्हिल यांनी २०१४ मध्ये या टाकीचे आधुनिक पद्धतीने विश्लेषण केले तेव्हा हेच दोन मुद्दे पुढे आले : भिंती गरजेपेक्षा पातळ आणि धातू तडा न थांबवणारा. १९१५ च्या माणसाला दुसरा मुद्दा माहीत नव्हता, हे मी मान्य करतो. ठिसूळपणाचे शास्त्र दुसऱ्या महायुद्धात वेल्डिंगची जहाजे मधोमध दुभंगू लागली तेव्हा उभे राहिले. पण पहिला मुद्दा, म्हणजे वर केलेला भागाकार, त्या काळातील कोणत्याही पदवीधर अभियंत्याला पाच मिनिटांत करता आला असता.

तो कोणी केला नाही, कारण कामावर अभियंताच नव्हता. टाकीच्या उभारणीची जबाबदारी आर्थर जेल या कंपनीच्या वित्त विभागातील अधिकाऱ्याकडे होती. त्याला नकाशे वाचता येत नव्हते आणि त्याने कोणा जाणकाराचा सल्लाही घेतला नाही, हे त्याने पुढे साक्षीत कबूल केले. मळीचे पहिले जहाज १९१५ च्या डिसेंबरअखेर यायचे होते आणि काम मागे पडले होते. टाकी पूर्ण पाण्याने भरून तपासायला वेळही हवा होता आणि पाण्याचे पैसेही, म्हणून तिच्यात केवळ सहा इंच पाणी भरून चाचणी झाल्याचे ठरवण्यात आले. सहा इंच पाण्याचा दाब हा भरलेल्या मळीच्या दाबाचा सुमारे एकशेचाळिसावा भाग होतो; एवढ्या चाचणीने तळाचे सांधे पाझरतात की नाही एवढेच कळेल, भिंतींबद्दल ती काहीही सांगत नाही. येथे एक गोष्ट आमच्या क्षेत्रातील तरुणांनाही पुन्हा सांगावी लागते : टाकी काठोकाठ पाण्याने भरली तरी ती मळीच्या भाराच्या सत्तर टक्केच भार पेलून दाखवते. म्हणून मळीच्या टाकीची रचना मळीच्या घनतेवर करतात, आणि पाण्याच्या चाचणीत ती पास झाली याचा अर्थ हिशेब तपासायची गरज उरली नाही, असा घेत नाहीत.

टाकी पहिल्या दिवसापासून पाझरत होती. सांध्यांतून मळीचे ओघळ येत, आसपासची मुले डबे घेऊन ती गोळा करायला येत, आणि कामगारांनी तक्रारी केल्या. कंपनीने सांधे ठोकून बुजवून घेतले आणि पुढे टाकीला मळीच्याच रंगाचा तांबूस-तपकिरी रंग दिला, म्हणजे ओघळ उठून दिसेनासे झाले. रिव्हेटची टाकी थोडीफार पाझरते आणि मळी स्वतःच घट्ट होऊन बारीक फटी बुजवते, हे खरे आहे. परंतु पातळी वाढली की जो पाझर वाढतो तो सांधा उघडत असल्याचे सांगत असतो, आणि त्याला रंग हा उपाय नाही.

१२-१३ जानेवारीला ‘मिलिएरो’ नावाच्या जहाजाने सुमारे सहा लाख गॅलन मळी टाकीत उतरवली. पंपाने ढकलता यावी म्हणून ती कोमट केलेली होती. त्याआधी शहरात शून्याखाली १६-१७ अंश सेल्सियसपर्यंत थंडी पडली होती आणि १५ तारखेला पारा एकदम ४ अंशांवर चढला. टाकी जवळजवळ काठोकाठ होती. दुपारच्या सुट्टीत रेल्वेचे हमाल, पालिकेच्या जवळच्या आवारातील कामगार डबे उघडून बसले होते, आणि दहा-दहा वर्षांची दोन मुले टाकीजवळ सरपण वेचत होती. ती दोघेही वाचली नाहीत. मशीनगन चालावी तसे रिव्हेट सुटण्याचे आवाज आल्याचे अनेकांनी नंतर सांगितले.

आता पळता का आले नाही, या प्रश्नाकडे येतो. चमच्यावरून ओघळणारी मळी संथ असते कारण तेथे तिला ढकलणारे वजन नगण्य असते आणि चिकटपणाचे राज्य चालते. पंधरा मीटर उंचीचा स्तंभ एकाएकी मोकळा होतो तेव्हा हिशेब उलटा होतो. वजन आणि वेग यांच्यापुढे पहिली काही सेकंदे चिकटपणा काहीच करू शकत नाही, आणि मळी धरण फुटल्यावर पाणी धावते तशी धावते. लाटेची उंची सुमारे २५ फूट आणि वेग ताशी ३५ मैल, म्हणजे ५६ किलोमीटर होता, असे सांगतात. या वेगाने येणाऱ्या मळीचा थेट आघात धरला तर तो दर चौरस मीटरला सुमारे १७ टन भरतो, आणि वेग तोच असेल तर पाण्याच्या लाटेपेक्षा १.४ पट. अग्निशमन दलाच्या ३१ क्रमांकाच्या ठाण्याची इमारत पायावरून सरकली आणि तिच्याखाली अडकलेला एक जवान मळीच्या वर तोंड ठेवण्याची धडपड करत अखेर मेला. टाकीच्या फाटलेल्या पत्र्याने रस्त्यावरून जाणाऱ्या उन्नत रेल्वेचा खांब कापला. एक गाडी थोडक्यात वाचली.

चिकटपणाचा खरा त्रास लाट ओसरल्यावर सुरू झाला. २०१६ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी हा मुद्दा प्रयोगांनी मांडला : टाकीत कोमट असलेली मळी हिवाळ्याच्या हवेत पसरून थंड होऊ लागली तशी ती अधिकाधिक घट्ट होत गेली, आणि कमरेइतक्या थरात अडकलेल्या माणसाला बाहेर काढणे तासागणिक अवघड झाले. बंदरात उभ्या असलेल्या ‘नॅन्टकेट’ या प्रशिक्षण जहाजावरील शंभराहून अधिक कॅडेट सर्वांत आधी धावून आले. घोडे जागीच रुतले. साध्या पाण्याने रस्ता स्वच्छ होईना, म्हणून अग्निशमन बोटींनी समुद्राचे खारे पाणी मारले आणि वाळू पसरली. आपल्याकडे नाल्यात मळी सोडली की नदीकाठच्या गावांना जो वास आणि मेलेल्या माशांचा खच दिसतो, त्यावरून बंदराच्या पाण्याची काय अवस्था झाली असेल याची कल्पना करता येते.

आंबण्याच्या तर्काविषयी थोडक्यात. गार मळीत कोमट मळी मिसळली की वायू सुटू शकतो, हे बरोबर आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात मळी फेसाळून चढते तेव्हा टाकीवर बाहेरून पाणी मारावे लागते, हे कारखान्यातील कोणीही सांगेल. परंतु अशा टाकीचे छत पातळ असते. वायूचा दाब धोक्याचा झाला तर आधी छत उचलले जाईल, तळाचा पत्रा फाटणार नाही. तळ फाटला असेल तर दोष द्रवाच्या वजनाचा आणि पत्र्याच्या जाडीचा.

राहिला बॉम्ब. कंपनीने अखेरपर्यंत हाच बचाव घेतला की इटालियन अराजकवाद्यांनी टाकी उडवली. हा बचाव आज हास्यास्पद वाटतो, पण १९१९ च्या बॉस्टनमध्ये तो तसा वाटला नाही. नॉर्थ एंड ही इटालियन स्थलांतरितांची दाट वस्ती होती, त्यांच्यापैकी बहुतेक जण अजून अमेरिकेचे नागरिकही झाले नव्हते, आणि एवढी मोठी टाकी त्यांच्या दारात उभी राहिली तेव्हा विरोध करायला त्यांच्या बाजूने पालिकेत वजन असलेले कोणी नव्हते. १९१६ च्या डिसेंबरात याच भागातील पोलीस ठाण्यात बॉम्ब फुटला होता. युद्धासाठी लागणारे अल्कोहोल बनवणारी कंपनी ही युद्धविरोधी अराजकवाद्यांची शत्रू असणार, हेही उघड होते. त्यानंतर १९१९ च्या मे दिनी बॉस्टनच्या रॉक्सबरी भागात मोर्चेकरी आणि पोलीस यांच्यात दंगल झाली, आणि २ जूनच्या रात्री अमेरिकेच्या वेगवेगळ्या शहरांत एकाच वेळी बॉम्ब फुटले. त्यांतील एक बॉस्टनमधील एका न्यायाधीशाच्या घरी होता. वर्षभरात शहराने जे पाहिले त्यामुळे जानेवारीतील घटनेचा अर्थ मागे जाऊन बदलता येऊ लागला, आणि कंपनीच्या वकिलांनी ती संधी सोडली नाही. अभियंता म्हणून मला त्यात उणीव दिसते ती पुराव्याची : स्फोटाने पत्र्याच्या ठिकऱ्या उडतात, येथे मोठमोठे तुकडे रिव्हेटांच्या ओळीने फाटून पडले होते.

एक योगायोगही सांगतो. टाकी फुटल्याच्या दुसऱ्याच दिवशी, १६ जानेवारीला, नेब्रास्का या छत्तिसाव्या राज्याने मंजुरी दिली आणि दारूबंदीची घटनादुरुस्ती पक्की झाली. युद्ध संपल्याने तोफांच्या दारूची मागणी गेली होती, आता पिण्याच्या दारूचीही जाणार होती.

पोलिसांच्या संपाचा टाकीशी थेट संबंध नाही. कारणांची मुळे मात्र शेजारी-शेजारी आहेत : युद्धाच्या घाईत जे पुढे ढकलले ते त्या वर्षी सगळीकडून अंगावर आले. १९१३ ते १९१९ या काळात अमेरिकेतील भाव सुमारे पाऊणपट वाढले होते. एप्रिलमध्ये न्यू इंग्लंडच्या टेलिफोन ऑपरेटर मुलींनी ज्युलिया ओ’कॉनर यांच्या नेतृत्वाखाली संप करून सहा दिवसांत विजय मिळवला. जुलैत उन्नत रेल्वेचे कर्मचारी संपावर गेले. बॉस्टनचा नवा शिपाई वर्षाला ११०० डॉलरवर लागत असे, २०० डॉलरहून अधिक किमतीचा गणवेश स्वतः विकत घेत असे, आठवड्याला सत्तर ते नव्वद तास काम करत असे आणि उंदरांनी शिरस्त्राणे कुरतडलेल्या ठाण्यांत झोपत असे. या शिपायांनी ऑगस्टमध्ये अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबर या देशव्यापी कामगार महासंघाशी संलग्न संघटना स्थापन केली. पोलीस आयुक्त एडविन कर्टिस यांनी ती बेकायदा ठरवून १९ जणांना निलंबित केले. महापौर पीटर्स यांनी तडजोडीसाठी जेम्स स्टोरो यांची समिती नेमली, पण आयुक्त महापौरांना उत्तरदायी नव्हते, त्यांची नेमणूक राज्यपालांकडून होत असे. त्यामुळे समितीचा मसुदा कर्टिस यांनी बाजूला सारला.

९ सप्टेंबरच्या संध्याकाळी पावणेसहाला १५४४ पैकी १११७ शिपाई कामावरून निघून गेले. त्या रात्री दुकाने फुटली, लुटालूट झाली. राज्य रक्षक दलाचे हजारो जवान रस्त्यावर आले आणि नऊ माणसे मेली. राज्यपाल कॅल्व्हिन कूलिज सुरुवातीला गप्प राहिले आणि नंतर त्यांनी कामगार नेते सॅम्युअल गॉम्पर्स यांना तार केली की सार्वजनिक सुरक्षेविरुद्ध संप करण्याचा हक्क कोणालाही, कोठेही, केव्हाही नाही. त्या एका तारेने ते देशभर गाजले, १९२० मध्ये उपराष्ट्राध्यक्षपदी निवडून आले आणि १९२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. संपकऱ्यांपैकी कोणालाही परत घेतले नाही. त्यांच्या जागी आलेल्यांना १४०० डॉलर पगार, फुकट गणवेश आणि निवृत्तिवेतन मिळाले. संपकरी मागत होते ते जवळजवळ सगळे. या दोन प्रकरणांत मला पोलिसांचे प्रकरण अधिक अन्यायाचे वाटते, कारण टाकीच्या बाबतीत निदान न्याय तरी झाला.

त्या न्यायाला सहा वर्षे लागली. ११९ दावे एकत्र करून ह्यू ऑग्डेन या वकिलाला, जो युद्धात कर्नल होता, न्यायालयाने ‘ऑडिटर’, म्हणजे साक्षीपुरावे ऐकून न्यायालयाला निष्कर्ष सादर करणारा अधिकारी, नेमले. फिर्यादींतर्फे डेमन हॉल आणि कंपनीतर्फे चार्ल्स चोट उभे राहिले, आणि सुनावणी १९२० पासून तीन वर्षे चालली. दोन्ही बाजूंनी धातुतज्ज्ञ, स्फोटतज्ज्ञ, प्राध्यापक आणले गेले; मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे प्राध्यापक स्पॉफर्ड यांनी प्लेटांवरील ताण मर्यादेबाहेर असल्याची साक्ष दिली. तांत्रिक साक्ष आणि प्रतिसाक्ष यांचा एवढा मोठा सामना तोपर्यंत मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयात क्वचितच झाला असेल. १९२५ च्या एप्रिलमध्ये ऑग्डेन यांनी बॉम्बचा बचाव फेटाळला आणि टाकी तिच्या रचनेतील कमकुवतपणामुळेच कोसळली असा निष्कर्ष काढला. कंपनीने एकूण सुमारे ६ लाख २८ हजार डॉलर भरपाई दिली. कोणावरही फौजदारी शिक्षा झाली नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये, आणि मग इतर राज्यांतही, अशा बांधकामाच्या नकाशांवर परवानाधारक अभियंत्याची सही आणि त्यासोबत हिशेबाचे कागद दाखल करण्याची सक्ती आली. आपल्याकडे टाकीच्या फाइलमध्ये मी सर्वांत आधी जे पान शोधतो ते हेच.